लवेच्या बुडाशी

१२ सप्टेंबर १९७६, रविवार

पुन्हा तुटल्या! तिसऱ्यांदा. अडतीस अंशांवर सहा तास ठेवलेल्या पेशींतल्या ओळी जागोजागी तुटलेल्या. साध्या पाण्यातल्या मात्र सरळ, तिफणीनं पेरल्यासारख्या.

औरंगाबादच्या माझ्या गाईड सरांना लिहिण्याआधी इथं मांडून ठेवते. पॅरामेशियम — डबक्यातला एका पेशीचा जीव. अंगभर बारीक लव. पुस्तकात तिला पक्ष्माभिका म्हणतात. वर्गात मी लव म्हणते, पोरींना लगेच कळतं. लव हलते म्हणून तो पोहतो. प्रत्येक लवेच्या बुडाशी पेशीच्या कातडीत एक दाणा रुतलेला असतो. चांदीच्या क्षारानं रंगवलं की हे दाणे काळेभोर दिसतात, ओळीनं. आता ही लव सेकंदाला दहा-वीस हिसके देते, जन्मभर. मग बुडाचा दाणा उपटून कसा येत नाही? कोण धरून ठेवतं त्याला? एवढाच प्रश्न. चार वर्षं झाली पीएच.डी.ला नाव घालून.

वाल्मीकमामांनी रविवार असूनही प्रयोगशाळा उघडून दिली. अटेंडंट ते, पण अर्धं काम त्यांचंच. तळ्याचं पाणी तेच आणतात, कडब्याचा काढाही तेच करतात. त्यावर माझे जीव वाढतात.

घरी आले तर सासूबाई वालूरहून आलेल्या. पिशवीत माझ्यासाठी आणखी एक पुडी. "लिंबाएवढी गोळी कर अन् उपाशीपोटी घे. गोजरबाईच्या सुनेला गुण आला, पोर झालं." घेतली. लग्नाच्या आठ वर्षांत किती पुड्या घेतल्या — मोजत नाही.

१८ सप्टेंबर, शनिवार

हे आले पालमहून. तिथल्या शाळेवर गुरुजी, शनिवारी दुपारच्या एसटीनं येतात, सोमवारी पहाटे जातात. खोकला तसाच. नाक लहानपणापासून वाहतं, खोकलाही तेव्हापासूनचा. दोनदा टी.बी.चं औषध झालं, जंतू एकदाही सापडला नाही.

जेवताना ओळींचं सांगितलं. ह्यांना जीवशास्त्र येत नाही, पण ऐकतात मन लावून. हात वाळेपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "खळ्यातला तिवड्याचा खांब कधी ढिला होतो? जमीन वाईट म्हणून न्हाई. बैल वढतात म्हणून. तू बैल सोडून बघितलेस का?"

मी बघतच राहिले. चार वर्षांत सुचलं नाही मला! लव हलायची थांबवायची आणि मग तापवायचं. निकेल क्लोराइडनं लव थांबते, पेशी जगते. कपाटात बाटली आहे.

"चंद्रभान गुरुजी, तुम्हीच करा पीएच.डी.," म्हटलं. हसले, आणि हसता हसता खोकल्याची उबळ आली.

२६ सप्टेंबर, रविवार

निकेल घालून लव थांबवलेल्या पेशी — त्याच अडतीस अंशांवर, तेवढेच तास — ओळी शाबूत! हलत्या लवेच्या तुटलेल्या. म्हणजे उष्णतेनं दाण्याची पकड ढिली होते, पण त्याला उपटते ती त्याचीच लव. एरवी पेशीत काहीतरी असतं जे हा हिसका सोसतं. काय, ते माझ्या भिंगाला दिसत नाही. असतं, एवढं नक्की.

वाल्मीकमामांना दाखवलं. एक डोळा मिटून बराच वेळ बघितलं. "मॅडम, हे तर शर्टाच्या शिवणीवानी हाय."

९ ऑक्टोबर, शनिवार

हे तापातच आले. छातीत घरघर. सोमवारी रजा घ्यायला लावणार. सासूबाई डोक्याशी बसून. सहा लेकरांतलं हे एकच जगलं त्यांचं. मला म्हणाल्या, "ह्याच्या मागं काय राह्यलं पायजे का न्हाई, दैवशाला?" रागानं नव्हे. भीतीनं म्हणाल्या. राग असता तर बरं झालं असतं, उत्तर देता आलं असतं.

११ ऑक्टोबर, सोमवार

छातीचा फोटो काढला. डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरली, मग उलटून धरली. "उलटी लागली वाटतं." कंपाउंडरला रागावले. फिल्म बरोबरच होती. मग नळी ह्यांच्या छातीला लावली. डावीकडं काही नाही. उजवीकडं — धडधड!

काळीज उजवीकडं. पस्तीस वर्षं कोणी ऐकलंच नव्हतं त्या बाजूनं. आठ वर्षं त्याच छातीशी झोपले, मलाही कळलं नाही!

म्हातारे डॉक्टर चांगले आहेत. म्हणाले, "काळीज उजवीकडं, वाहतं नाक, जुना खोकला — तिन्ही एकाच माणसात असणारे पेशंट पुस्तकात आहेत. कारण अजून ठाऊक नाही."

हे वाटेत म्हणाले, "मग मी सगळ्यांवर उलट्या बाजूनं माया करतो म्हण की." हसवायला बघतात.

१७ ऑक्टोबर, रविवार

नाकाच्या आतल्या कातडीवरही लव असते. तीच शेंबूड, धूळ बाहेर लोटते. ती नीट नसेल तर नाक वाहणारच, छाती भरणारच. चार दिवस हाच विचार.

आज ह्यांना प्रयोगशाळेत नेलं. स्टुलावर बसवलं. तारेच्या बारीक कडीनं नाकातून चार पेशी खरवडल्या. डोळ्यांत पाणी आलं, पण हलले नाहीत. आधी माझ्या पेशी बघितल्या. वाऱ्यावर ज्वारीचं रान डुलावं तशी लव!

मग ह्यांच्या. लव दाट, लांब, सुरेख. आणि उभी. एकही हलत नव्हती. पाणी बदललं, ऊब दिली, नव्यानं खरवडलं. उभीच.

ह्यांनीही भिंगातून बघितलं. "माझंच पीक का हे? वारा न्हाई वाटतं आज."

२४ ऑक्टोबर, रविवार

दिवाळीची सुट्टी. कॉलेज रिकामं. ह्यांच्या पेशी हिमॅटॉक्सिलिननं रंगवल्या. लवेच्या बुडाशी काळ्या दाण्यांची अखंड ओळ. एकही दाणा निखळलेला नाही. जन्मापासून न हललेली लव, तरी बूड शाबूत. जे निकेलनं डबक्यातल्या जिवाचं झालं तेच इथं निसर्गानं करून ठेवलंय. म्हणजे खोट बुडात नाही, वर लवेत आहे. तेवढं बघायला माझं भिंग पुरत नाही.

आनंदानं उठून मामांना हाक मारली. आणि मध्येच थांबले.

पुरुषाच्या बीजाला शेपूट असते. तिची घडण लवेसारखीच. बुडाशी तसाच दाणा. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला मी स्वतः शिकवते हे! फळ्यावर दोन्हींची आकृती शेजारी-शेजारी काढते!

मामा म्हणाले, "काय झालं मॅडम?" काही नाही म्हटलं.

२७ ऑक्टोबर, बुधवार

ह्यांना म्हटलं, एक तपासणी राहिली. कसली ते सांगितलं. लाजले, मग म्हणाले, "तुझ्या शिक्षणापुढं कसली लाज." सकाळी बाटली आणून दिली. पदराखाली धरून, ऊब मोडू न देता नेली.

हजारो शुक्रजंतू. सगळे निश्चल. इओसिन टाकलं — मेलेला रंग घेतो, जिवंत घेत नाही. बहुतेकांनी घेतला नाही. जिवंत आहेत. शेपटी हलवता येत नाही, एवढंच.

दुपारपर्यंत बसून राहिले. आठ वर्षांच्या पुड्या. वालूरच्या बायांचं बारशाला मला मागं बसवणं. आणि त्याहून वाईट हे की मला क्षणभर बरं वाटलं! माझ्यात खोट नाही म्हणून बरं वाटलं. लगेच स्वतःची किळस आली.

घरी हे दारातच उभे होते. "काय दिसलं?"

"नीट दिसलं नाही. उजेड नव्हता," म्हटलं.

बाहेर ऊन फटफटीत पडलेलं.

२८ ऑक्टोबर

खोटं बोलले. लिहून ठेवते.

७ नोव्हेंबर, रविवार

सासूबाईंनी आज ह्यांच्या दुसऱ्या लग्नाचं काढलंच. त्यांच्या भावाची मुलगी, बोरीची. रुख्मिणी. एकोणीस वर्षांची. "तुला घरातून काडते असं न्हाई बाई. तुजी नोकरी हाय, तू लय शिकलेली. सोडचिठ्ठी दे म्हंजी कायद्याचं बी भ्या न्हाई. तू माजी लेकच राहशील."

हे पाटावर बसून ताटाकडं बघत होते. मी वाट बघत होते, काहीतरी बोलतील. ह्यांनी भाकरी संपवली.

१४ नोव्हेंबर, रविवार

विचारलं ह्यांना. सरळ. "तुमच्या मनात काय आहे?"

"आईची पाच गेली. तिला नातू बघायचाय. मी एकटाच उरलो, तिला कसं नाही म्हणू?" मग — "तू म्हणशील तसं करू."

मी म्हणेन तसं! माझ्या जिभेवर होतं सगळं. एका वाक्याचं काम. पण त्या वाक्यानंतर ह्यांच्या तोंडाकडं बघायचं कसं? गावात चौथीच्या पोरांपुढं ताठ उभा राहणारा माणूस. आधीच अर्धं आयुष्य नाक पुसत काढलंय. मी म्हटलं, "विचार करते."

वेडी आहे मी. वांझ म्हणून घ्यायला तयार आहे, पण ह्यांना कोणी काही म्हणू नये.

२१ नोव्हेंबर, रविवार

रुख्मिणी आली. चुलत्याबरोबर, घर बघायला. चुलते आणि सासूबाई बाहेर बसले. ती आत चुलीपाशी माझ्याजवळ आली. सावळी, उंच, हाताला घट्टे. मागच्या साली ऊस तोडायला गेली होती आई-बापाबरोबर.

"तुमी दुर्बिणीतून किडे बघता म्हणं?"

"हो."

"मला वाचाया येतं. सातवीपतोर शिकले. पुढं शाळा न्हवती." मग पीठ मळायला घेतलं माझ्या हातातून. खाली बघतच म्हणाली, "बाई, मला लेकरू न्हाई झालं तर मला बी काडतील का हो?"

परातीला धरून उभी राहिले.

तिला लेकरू होणार नाही. मला माहीत आहे! जगात फक्त मला माहीत आहे. आणि पाच-सात वर्षांनी हिच्याही हातात कोणीतरी पुड्या ठेवील, हिलाही मागं बसवील. मी माझ्यापुरतं गप्प बसत होते असं वाटत होतं. नव्हतं ते तसं.

२८ नोव्हेंबर, रविवार

सांगितलं.

काल संध्याकाळी, सासूबाई शेजारी गेल्यावर. काही झाकलं नाही. काय बघितलं, कसं बघितलं, लव आणि शेपूट एकच कशी. ह्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. शेवटी विचारलं, "कधीपासून ठाऊक आहे तुला?"

"दिवाळीपासून."

"उजेड नव्हता म्हणालीस."

"हो."

"आईच्या पुड्या घेत राहिलीस? त्याच्यानंतर बी?"

"हो."

मग चप्पल घालून बाहेर गेले. उशिरा आले, भिंतीकडं तोंड करून झोपले. आज सकाळीच पालमला निघून गेले. सोमवारची वाट नाही बघितली. सासूबाईंना वाटलं आम्ही भांडलो. म्हणाल्या, "जाऊ दे, आता किती दिसाचं."

५ डिसेंबर, रविवार

आले नाहीत. काल दुपारच्या एसटीपर्यंत स्टँडवर थांबले. पालमची गाडी रिकामी झाली. कंडक्टर ओळखीचा. "गुरुजी न्हाईत आज, मॅडम."

आठ वर्षांत एकही शनिवार चुकला नव्हता. तापातसुद्धा आले.

९ डिसेंबर, गुरुवार

औरंगाबादहून सरांचं पत्र. "तुमच्या स्लाइड मी स्वतः तपासल्या. निकेलवर माझा विश्वास नव्हता. आता आहे. लवेची गतीच तिच्या बुडाला धोका असते आणि पेशी ते बूड सतत सांभाळत असते, हे तुम्ही फार साध्या साधनांनी दाखवलंत. लिहायला घ्या. कल्पना कुणाची, तेही कळवा."

कुणाची म्हणून लिहू?

मामांनी पत्र वाचून घेतलं माझ्याकडून, दोनदा. मग चहा पाजला. मी रडले तर त्यांना वाटलं आनंदानं. वाटू दिलं.

१२ डिसेंबर, रविवार

याही शनिवारी नाहीत. कॉलेजातल्या एका मास्तरांचे भाऊ पालमकडंच आहेत. ते म्हणाले, तिकडं वरचे साहेब गुरुजी लोकांच्या मागं लागलेत, नसबंदीच्या केसेस आणा म्हणून. केस नाही तर बदली, रजाही नाही. गुरुजी गावोगाव हिंडायलेत, लोक शेतात लपून बसतात. मी स्वतःला सांगितलं, म्हणूनच येत नसतील. खरं वाटलं नाही.

दोन ओळींचं पत्र टाकलं. "सोयरीक करायची तर रुख्मिणीला आधी खरं सांगा. नाहीतर मी सांगेन."

१९ डिसेंबर, रविवार

सासूबाईंनी कागद लिहून आणलाय. वालूरच्या शिकल्या-सवरल्या माणसाकडून. मजकूर नीट आहे. "परस्पर संमतीने." साक्षीदारांची जागा रिकामी.

"त्यो आला न्हाई म्हंजी त्याची बी हीच मर्जी समज," म्हणाल्या. मग एकदम माझा हात धरला. "मी लय पापीन हाय का गं?"

"नाही आत्याबाई."

सही केली. आठ वर्षं जे नाव लावलं तेच खाली लिहिलं, वळणदार. हे गप्प बसले तेव्हाच समजायला हवं होतं. मी सांगितलं म्हणून गेले. नसतं सांगितलं तर निदान शनिवारी आले असते. असं मनात येतं, आणि मग ती परातीपाशी उभी असलेली मुलगी दिसते.

बोरीला उद्या पत्र टाकणार. रुख्मिणीच्या नावानं. तिला वाचता येतं.

सामान बांधायला घेतलं. माझं असं फार नाही. पुस्तकं, दोन लुगडी, स्लाइडच्या तीन पेट्या. कॉलेजच्या मागं एक खोली बघितलीय.

२२ डिसेंबर, बुधवार

हे आले. स्टँडपासून पायी, फार हळू, पाय सांभाळत. बसताना भिंत धरली. खिशातून माझ्या सहीचा कागद काढून माझ्यापुढं ठेवला, आणि त्यावर दुसरा एक, शिक्क्याचा. नसबंदीच्या शिबिराचा.

"वालूरला जाऊन आलो. बोरीला बी. तुझ्या भिंगातलं कुणाला पटलं नसतं. शिक्क्याचं पटतं. पोरगी सुटली. आता तुला कोण काय म्हणतंय बघू."

"आत्याबाई?"

"रडली. मग जेवायला वाढलं."

म्हटलं, लेकरं नसलेल्या माणसाचं ऑपरेशन करतात तरी कसं? म्हणाले, तीन आहेत म्हणून सांगितलं. कारकुनानं नावं, वयं विचारली. रांग मोठी होती, ह्यांनी विचार न करता सांगितली. महेंद्र, सात वर्षं. संघमित्रा, पाच. उत्पला, दीड.

"धाकटी तुझ्यावर गेलीय," म्हणाले.